गॅरेजमधला अडलेला काटा

तराजूची दांडी खालीच बसून राहिली होती. मी चिमटीने पावडरीचे दाणे एकेक करून त्या इवल्याशा पारड्यात सोडत होते आणि दांडी ढिम्म. आणखी दोन दाणे. ढिम्म. आणखी एक, आणि मग झोपेतून कुणी दचकून उठावं तशी ती एकदम वर उसळली आणि मधल्या रेषेच्या बरीच वर जाऊन थांबली.

मी हात मागे घेतला. माझा तराजू असा वागत नाही. माणसं वागतात, बर्मिंगहॅमच्या बसेस वागतात, तराजू वागत नाही.

शनिवारची सकाळ होती, ऑक्टोबर संपत आला होता. आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच आली नाही. एका बाजूला लेकीची जुनी सायकल, नवऱ्याने मोठ्या उत्साहाने आणून एकदाही न वापरलेलं गवत कापायचं मशीन, आणि दुसऱ्या बाजूला माझं टेबल. त्या टेबलावर मी काडतुसं भरते. हे वाक्य पुण्यातल्या नातेवाइकांसमोर म्हटलं की चहाचे कप हवेतच थांबतात, म्हणून मी ते म्हणणं सोडून दिलंय. खरं तर सुरुवात तिथलीच. कॉलेजात एनसीसीत असताना पहिल्यांदा रायफल हातात घेतली आणि पहिल्याच दिवशी कळलं की इतकं शांत मला दुसरं काहीच करत नाही. इथे येऊन हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी, संसार, मूल हे सगळं झाल्यावर एका सहकारी बाईने मला तिच्या रायफल क्लबात नेलं. तेव्हापासून मी तिथलीच झाले. लेक मोठी झाल्यावर तिनेही परवाना काढला. आम्हा दोघींच्या परवान्यांवर रायफल एकच. पोलिसांकडचा माणूस अधूनमधून येऊन लोखंडी कपाट आणि कुलपं बघून जातो. किल्ली कुठे असते ते फक्त आम्हा दोघींना माहीत. नवऱ्यालासुद्धा नाही, आणि त्याची त्याला कसलीही खंत नाही. त्या शनिवारी तो कामानिमित्त स्कॉटलंडला होता.

लेक पहाटेच रायफल आणि काडतुसांचा एक डबा घेऊन क्लबच्या स्पर्धेला गेली होती. रेंज आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, शेतांच्या पलीकडे.

काडतूस भरणं म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. झाडलेल्या काडतुसाची पितळी नळी फेकायची नाही. ती साफ करायची, बुडाशी नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, बसवायचा, आत मोजून पावडर ओतायची आणि तोंडाशी नवी गोळी दाबून बसवायची. सगळी गोम त्या मोजण्यात. पावडर थोडी कमी पडली तर गोळी निशाणाच्या खाली लागते आणि आपण चरफडतो. जास्त पडली तर आतला दाब वाढतो. आणि तो दाब ज्या पोलादी बोल्टने अडवून धरलेला असतो, तो बोल्ट झाडणाऱ्याच्या गालापासून वीतभर अंतरावर असतो. गेल्या काही महिन्यांपासून त्या जागी माझ्यापेक्षा लेकीचा गाल जास्त वेळा असतो.

म्हणून त्या दांडीच्या उसळण्याने मी घाबरले.

आधी स्वतःला दटावलं. घाबरून तपासणी होत नाही. फार्मसीत नव्या पोरांना मीच सांगते की एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर चूक कशाने झाली ते कधीच कळत नाही. पहिला संशय वाऱ्यावर. या तराजूला फुंकरसुद्धा सहन होत नाही. दार बंद होतं, हीटरही बंद. हीटर पंख्याचा असल्यामुळे मोजायला बसायच्या आधी मी तो नेहमीच बंद करते. आधी गॅरेज ऊबदार करायचं, तराजू शून्यावर लावायचा, वजन ठेवून खात्री करायची, मग हीटर बंद करून मोजायला लागायचं, ही माझी वर्षानुवर्षांची पद्धत.

दुसरा संशय टेबलावर. पाणसळ ठेवून बघितली, बुडबुडा बरोबर मधोमध. तिसरा संशय दांडीला शांत करणाऱ्या लोहचुंबकांवर. तिथे लोखंडाचा कीस चिकटला तर दांडी अडते. कापडाने पुसून घेतलं, काही निघालं नाही. मग तपासणीचं पितळी वजन पारड्यात ठेवलं. दांडी रेषेच्या खाली थांबली. टेबलावर बोटाने टकटक केलं तशी ती हलली आणि आणखी कुठेतरी भलतीकडेच थांबली. पुन्हा टकटक, पुन्हा तिसरी जागा. मला तिचा संताप आला. एखादी गोष्ट सरळ मोडली तर परवडते. ही मोडलीही नव्हती आणि चालतही नव्हती.

हात गारठले होते म्हणून मी हीटर लावला आणि त्याच्यासमोर बोटं शेकत बसले. थोड्या वेळाने उगीच म्हणून पुन्हा वजन ठेवलं. दांडी अलगद उठली, दोनदा झुलली आणि रेषेवर येऊन थांबली. वजन काढलं, परत ठेवलं. बरोबर. परत. बरोबर.

सुटले, असं वाटलं. पण ते वाटणं काही फार टिकलं नाही. ज्याचं कारण सापडलेलं नाही ते बरं झालंय असं मी हॉस्पिटलात कधी म्हणत नाही, मग इथे कसं म्हणू? हीटर बंद केला. गॅरेजचं दार थोडं उघडलं, बाहेरची ओली थंडी आत येऊ दिली, दार लावलं आणि वाट बघितली. मग वजन ठेवलं. दांडी अडली.

म्हणजे थंडीत बिघडतो आणि उबेत सुधारतो. हे लक्षण माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्यांचं होतं, तराजूचं नव्हे. धातू थंडीने इतका आखडत नाही. तिथे काहीतरी असं होतं जे गारठलं की घट्ट होत होतं.

मी दांडी उचलून उलटी केली आणि भिंग लावलं. दांडीला खालून चाकूच्या पात्यासारख्या दोन बारीक धारा असतात, त्या दगडाच्या दोन खाचांमध्ये टेकतात. सगळा तराजू त्या दोन धारांवर तोललेला. एका खाचेत काहीतरी पांढुरकं साचलं होतं. मेणासारखं. त्यात पिवळे कण होते आणि एक बारीकशी लाल रेघ. टाचणीच्या टोकाने ते उकरलं आणि नाकाशी धरलं.

खोबरेल तेल.

तो वास ओळखायला मला विचार करावा लागला नाही. आमच्या बाथरूममध्ये रेडिएटरवर एक निळी बाटली सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत मुक्कामाला असते, कारण खाली ठेवली तर तेल गोठून दगड होतं आणि बाटली कितीही पिळली तरी थेंब बाहेर येत नाही. ते तेल वापरणारे घरात एकच. पिवळं आणि लाल काय होतं तेही मला कळलं, फक्त ते माझ्या तराजूत कसं आलं ते कळत नव्हतं.

सासरे बैठकीत बसून आयपॅडवर मराठी पेपर वाचत होते. सासूबाई गेल्यापासून दरवर्षी काही महिने ते आमच्याकडे असतात. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. माझ्या रायफलीबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नव्हता, ना चांगला ना वाईट. गॅरेजकडे मात्र फिरकत नसत. मी त्याचा अर्थ नापसंती असा लावला होता आणि सून म्हणून तो पचवलाही होता.

"बाबा, माझ्या तराजूला खोबरेल तेल तुम्ही लावलंत का?"

त्यांनी चष्मा वर केला. "लावलं नाही. पुसलं."

"काय पुसलं?"

"अगं, खंडेनवमी झाली ना. तू कामावर होतीस. आमच्याकडे लेथपासून झाडूपर्यंत प्रत्येकाला त्या दिवशी हळदकुंकू लागायचं. साहेबसुद्धा हात जोडायचे. घरात हत्यारं असताना नवमीला ती कोरडी ठेवायची, माझ्या मनाला बरं वाटेना. बंदूक तर तुम्ही कुलपात ठेवता. म्हणून टेबलावर जे होतं त्याला लावलं. त्या दाबायच्या यंत्राला, तराजूला. फूल वाहिलं, साखर ठेवली. मग म्हटलं, सूनबाई आली की ओरडेल, म्हणून संध्याकाळी तेलाच्या बोटाने सगळं पुसून घेतलं." ते थोडे थांबले आणि काळजीने म्हणाले, "डाग राहिला का?"

हळदकुंकू तेलाने निघतं, हे आपल्यातल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत असतं. कपाळावरचं, देवाच्या टाकांवरचं, साडीवरचं. ते तेल इथे गॅरेजमध्ये रात्रीतून गोठेल हे मात्र त्या बिचाऱ्यांच्या डोक्यात कुठून येणार? पिंपरीच्या लेथला कधी थंडी वाजली होती?

बिचारे वगैरे हे आत्ता लिहिताना. त्या वेळी मी ओरडले. देवघर आहे का ते, असं ओरडले. त्यावर औषधासारखं मोजमाप होतं, केसाएवढा फरक चालत नाही, एक शब्द विचारायचात तरी, असं बरंच काही. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मी आणखी काहीतरी बोलणार, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं.

खंडेनवमीनंतर मी भरायला बसले होते. गेल्या रविवारी. तेव्हा तराजू असा का वागतोय असं मला वाटलं नव्हतं, कारण बिघाड हळूहळू वाढत गेला असणार. आणि त्या रविवारी भरलेला डबा घेऊन लेक सकाळी गेली होती.

मी तिला फोन लावला. बंद. लागणारच नव्हता, फायरिंग पॉइंटवर फोन चालत नाहीत, ते बंद करून गाडीत ठेवतात. क्लबच्या खोलीतला फोन लावला. वाजत राहिला. सगळे बाहेर रेंजवर असणार. मेसेज टाकला की एकही गोळी झाडू नकोस. तो पाठवतानाच कळत होतं की तो ती सगळं आटोपल्यावर गाडीत बसून वाचणार.

"काय झालं?" सासरे माझ्यामागे गॅरेजच्या दारापर्यंत आले होते. आत यायला धजत नव्हते.

"गेल्या रविवारी दोन डबे भरले होते मी. एक तिने नेला, एक कपाटात आहे. त्यातली काडतुसं उघडून बघते पावडर किती आहे ते."

"मी काही करू?"

"तिथेच उभे राहा."

दोन्ही डबे सारखे, दोन्हींवर एकच चिठ्ठी, कारण माझ्या लेखी दोन्हींत काही फरक नव्हता. पण मोजायचं तर मोजायचं कशावर? ज्याच्यावर संशय तोच तराजू साक्षीदार. मी सर्जिकल स्पिरिटने दोन्ही खाचा आणि दोन्ही धारा पुसल्या, काडीला कापूस गुंडाळून पुन्हा पुसल्या, कापूस पांढरा येईपर्यंत पुसत राहिले. मग हीटर न लावता, त्याच गारठ्यात वजन ठेवलं. दांडी उठली, झुलली आणि रेषेवर थांबली. पाच-सहा वेळा तसंच. आता याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

काडतूस उघडायचं एक हातोडीसारखं साधन असतं. आत काडतूस अडकवायचं आणि लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकायचं, की गोळी आणि पावडर सुटी होऊन आत पडते. पहिलं ठोकलं. पावडर पारड्यात ओतली. बरोबर. दाण्याचाही फरक नाही. दुसरं ठोकलं. बरोबर. तिसरं. बरोबर.

माझे खांदे खाली आले. दारातून सासऱ्यांना माझा चेहरा दिसत होता, त्यांनी मोठा श्वास सोडला. "बरोबर आहे ना? बघ, उगाच घाबरलीस."

मी हसलेसुद्धा. डबा बंद करायला हातात घेतला आणि तसाच धरून उभी राहिले. डब्यात काडतुसं उभी असतात, रांगेने. मी भरते तशी डावीकडून ठेवत जाते. उघडलेली तिन्ही पहिल्या रांगेतली होती.

शेवटच्या रांगेतलं एक काढलं. ठोकलं. दांडी रेषेच्या वर गेली. फार नाही. जेमतेम. त्याच्या शेजारचं काढलं. ते त्याहून जरासं जड.

मग सगळं एकदम समोर आलं. गेल्या रविवारी मी गॅरेज तापवलं, तराजू शून्यावर लावला, वजन ठेवून खात्री केली, सगळं बरोबर आलं, कारण तेल वितळलेलं होतं. मग पद्धतीप्रमाणे हीटर बंद केला. हा डबा तेव्हाचा. भरता भरता गॅरेज गार होत गेलं, तेल घट्ट होत गेलं, दांडी उठायला जास्त जास्त पावडर मागू लागली आणि मी ती देत गेले. या डब्याच्या शेवटी ते नुकतं सुरू झालं होतं. त्यानंतर मी दुसरा डबा भरला.

तो तिच्याकडे होता.

मी पावडर बंद केली, काडतुसं कपाटात टाकली, कुलूप लावलं, किल्ली खिशात. एवढं सगळं करायला जो वेळ लागला तो मला सहन होत नव्हता, पण ते उघडं टाकून जाणं मला जमलं नसतं. गाडीशी पोचले तर सासरे आधीच शेजारच्या सीटवर बसलेले. स्वेटर, पायजमा, घरातल्या चपला.

"बाबा, तुम्ही कशाला?"

"मी फोन लावत राहीन. तू गाडी चालव."

वाद घालायला वेळ नव्हता. आम्ही मोटरवेला लागलो. ते माझा फोन दोन्ही हातांत धरून हिरवं बटण दाबत होते, कानाला लावत होते, खाली घेत होते. "उचलत नाहीत," दर वेळी तेवढंच. बारीक पाऊस होता. एका ठिकाणी रस्त्याचं काम, सगळ्या गाड्या रांगेत, समोरच्या लॉरीचे लाल दिवे. मी स्टीअरिंगवर मूठ आपटली.

डोक्यात हिशेब चालू होता आणि तो थांबत नव्हता. स्पर्धेत तिची पाळी सकाळची. मी नेहमी कमाल मर्यादेच्या जवळ भरते, कारण लांबच्या निशाणाला तसंच लागतं. वर किती गेलं असेल? रायफल मजबूत आहे, बनवणाऱ्यांनी थोडा वाव ठेवलेला असतो. पण किती? आणि प्रत्येक पुढचं काडतूस आधीच्याहून थोडं जड. ती ते रांगेनेच उचलणार. डावीकडून. मी तिला तसंच शिकवलंय.

"जास्त पडली तर काय होतं?" सासऱ्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सौम्य करून सांगायचं त्राण नव्हतं. बोल्ट, गाल, डोळा, सगळं सांगितलं.

त्यांनी फोन मांडीवर ठेवला. मग रस्त्याकडे बघतच म्हणाले, "हळदकुंकू लावताना मी तेच म्हटलं होतं. पोरीच्या डोळ्यांना जप म्हणून. दुसरं काही मागितलं नव्हतं."

मला रडू आलं आणि त्याच वेळी त्यांचा रागही आला. दोन्ही एकदम आल्यावर काय करायचं असतं कोण जाणे. मी वायपरचा वेग वाढवला. त्यांनी पुन्हा हिरवं बटण दाबलं.

रेंजवर लाल झेंडे वर होते. म्हणजे गोळीबार चालू. गाडी वेडीवाकडी सोडून मी पळाले. फायरिंग पॉइंटवर सगळे चटयांवर पालथे पडलेले असतात, पाय मागे पसरलेले, सगळे सारखेच दिसतात. मी पाय शोधत होते. तिचे बूट मी ओळखते. डावीकडून तिसरे.

त्यांच्यामागे रेंज ऑफिसर उभा होता, उंच, पिकल्या मिशांचा, क्लबात मला सगळ्यात आधी चहा देणारा माणूस. मला धावत येताना बघून त्याच्या भुवया वर गेल्या. मी त्याचा हात धरला. "तिसरी लेन. काडतुसं बरोबर नाहीत. थांबवा."

त्याने का, कसं, काही विचारलं नाही. "स्टॉप! स्टॉप! स्टॉप!" त्याचा आवाज सगळ्या रेंजवरून गेला. बोल्ट उघडल्याचे आवाज आले, एकामागून एक. तिसऱ्या लेनवरचा सगळ्यात शेवटी आला. ती तळहाताने बोल्टच्या मुठीवर मारत होती. एकदा, दोनदा. मग तो उघडला.

ती उठून बसली, कानावरचं कवच काढलं आणि मागे वळली. चेहरा पूर्ण होता. दोन डोळे, दोन गाल, गालावर रायफलीच्या लाकडाचा लालसर ठसा. मी तिथेच ओल्या गवतात बसले.

"आई? तू इथे काय करतेस? आणि आजोबा पण?" सासरे मागून चपलांनी चिखल तुडवत येत होते.

"किती झाडल्यास?"

"जवळजवळ सगळ्या. दोन-तीन राहिल्यात. का?"

मी तिच्या चटईशेजारी पडलेली एक रिकामी नळी उचलली. बुडाशी बघितलं. प्रायमर चेपून सपाट झाला होता, त्याच्या कडा कुठे संपतात ते दिसत नव्हतं. जादा दाबाने पितळेवर बोल्टच्या तोंडाचा चकचकीत ठसा उमटला होता. दुसरी उचलली, तीही तशीच. रेंज ऑफिसरने तिसरी उचलली, उजेडाकडे धरली आणि ती खिशात टाकली.

"बोल्ट उघडायला जड जात नव्हता?" मी तिला विचारलं.

"जात होता. पहिल्यापासूनच. नंतर तर हाताने मारावं लागत होतं." तिने तळहात दाखवला, तो लाल झाला होता. "मला वाटलं रायफलला काहीतरी झालंय. किंवा माझीच टेक्निक. घरी आल्यावर तुला विचारणार होते."

"आणि काडतुसावर संशय नाही आला तुला? बोल्ट जड गेला तर आधी काडतूस, हे मी तुला किती वेळा सांगितलंय? थांबली का नाहीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मीच काहीतरी वेड्यासारखं विचारतेय. "ते दुकानातल्या अ‍ॅमोसाठी ना, आई. हे तू भरलं होतंस."

मी हॉस्पिटलात ओरडत नाही, रेंजवर तर अजिबात ओरडत नाही. त्या दिवशी सगळ्या क्लबासमोर, मराठीत, पोटातून ओरडले. "कोणी सांगितलं होतं तुला माझ्यावर एवढा विश्वास ठेवायला?"

चटयांवरचे सगळे मागे वळून बघत होते. सासरे माझ्या आणि तिच्या मधे उभे होते. "पोरी, चूक माझी आहे," ते म्हणाले. त्यांनी हात वर केला आणि तिच्या उजव्या गालावरून, डोळ्याच्या खालून, अंगठा फिरवला. कुंकू पुसावं तसा, हलकेच.

तिला काही कळत नव्हतं. त्यांचा हात तसाच गालावर राहू देऊन ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मग कोणावर ठेवायचा?"

रेंज ऑफिसरने उरलेली काडतुसं डब्यात घातली, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. मी तो दोन्ही हातांनी धरून गवतात बसून राहिले.